चार बाटल्यांची गुप्त परीक्षा

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! उगीच बढाई मारत नाही. अडतीस वर्षं मी तिसरीच्या वर्गाला शिकवलंय. फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागे कोण कोणाच्या वहीत डोकावतंय, हे मला नुसत्या खुर्चीच्या करकरण्यावरून कळायचं. ‘सर, पोट दुखतंय’ म्हणणाऱ्या पोराचं पोट खरंच दुखतंय, की आज सातचा पाढा आहे म्हणून दुखतंय, हे मी त्याच्या भुवयांवरून ओळखायचो. असा माणूस निवृत्त झाला की त्याच्या नजरेला काम उरत नाही. मग ती नजर घरातल्या स्विमिंग पूलकडे वळते.

आमच्या ऑस्ट्रेलियातल्या माउंट गॅम्बियर गावात हिवाळा मे महिन्याच्या शेवटी येतो आणि येताना दार वाजवत नाही. त्याच्या आत तलाव निजवावा लागतो. हे काम अगदी सोपं आहे, नीट लक्ष द्या. आधी जाळीनं पानं काढायची. मग कोपरापर्यंत हात बुडवून बाटलीभर पाणी घ्यायचं आणि दुकानात तपासायला न्यायचं. दुकानदार चिठ्ठीवर औषधं लिहून देतो, ती पाण्यात घालायची. दिवसभर पंप चालवायचा, ताडपत्री ओढायची, संपलं! मग थेट सप्टेंबरअखेर ताडपत्री काढायची.

गेल्या वर्षी आम्ही ती काढली, तेव्हा आत वाटाण्याचं सूप होतं. त्यात बेडकांची तिसरी पिढी नांदत होती. माझी बायको लॉरेन काठावर उभी राहून शांतपणे म्हणाली, “नेव्हिल, पुढच्या वर्षी हा हौद हिरवा निघाला, तर मी त्यात दोन ट्रक माती टाकणार आणि टोमॅटो लावणार.”

“अगं, पण माझी पोरं?”

“पोरं टोमॅटो खातील.”

आता ही पोरं कोण, ते सांगतो. निवृत्त झाल्यापासून दर जानेवारीत मी आजूबाजूच्या मुलांना आमच्या तलावात पोहायला शिकवतो. फुकट! नऊ उन्हाळ्यांत त्रेचाळीस मुलं माझ्या तळहातावर आडवी होऊन तरंगायला शिकलीत. पोर घाबरून मानेला मिठी मारतं, मग दोन दिवसांनी एक हात सोडतं, मग दुसरा, आणि एके सकाळी ‘सर, सोडा मला!’ म्हणून ओरडतं. त्या एका ओरडण्यासाठी मी पुढचे अकरा महिने काढतो. येत्या जानेवारीसाठी अकरा नावं आधीच आली होती. तिथे टोमॅटो? माझ्या जिवंतपणी नाही!

लॉरेनला टोमॅटोची रोपं देणार होता शेजारचा कॉन. मूळचा ग्रीक, आडव्या अंगाचा, स्वतःच्या घरीही तलाव असलेला. त्यानं रोपं स्वतःहून कबूल केली होती. का? माझ्या पोरांचा आरडाओरडा त्याला नको होता म्हणून! मी हे तेव्हाच हेरून ठेवलं.

तर मेमधल्या एका शनिवारी मी बाटली घेऊन दुकानात गेलो. गल्ल्यामागे ट्रुडी. माझीच जुनी विद्यार्थिनी, हुशार, अक्षर मात्र मुंगी शाईत बुडून चालल्यासारखं. तिनं माझं पाणी यंत्रात घातलं, यंत्र गुरगुरलं आणि चिठ्ठी बाहेर आली.

“सर, क्षार जास्त आहेत. थर न धरण्याचं औषध एक, क्लोरीन एक, शेवाळाचं औषध एक.”

तेवढ्यात माझं लक्ष गेलं बाजूला. कॉन त्याची चिठ्ठी खिशात घालत होता. थर न धरण्याचं एक, क्लोरीन एक, शेवाळाचं एक!

दोन वह्यांत तेच उत्तर आलं, की शिक्षकानं काय समजायचं? मी औषधं न घेता घरी आलो.

“लॉरेन, ते यंत्र खोटं आहे. सगळ्यांना एकच चिठ्ठी छापतं. औषधं खपवायचा धंदा!”

“ट्रुडी? जिनं शाळेत सापडलेलं खोडरबरसुद्धा तुझ्याकडे आणून दिलं होतं?”

“तीच तर युक्ती आहे. माणूस आधी विश्वास मिळवतो.”

“आठ वर्षांची असताना?”

मोठे कट लवकर सुरू होतात.

मी ठरवलं, यंत्राची गुप्त परीक्षा घ्यायची. चार बाटल्या घेतल्या, वर फक्त अ, ब, क, ड अशा चिठ्ठ्या लावल्या. अ म्हणजे आमच्या तलावाचं पाणी. क म्हणजे स्वयंपाकघरातल्या नळाचं. ड म्हणजे मांजराच्या वाटीतलं. आणि ब म्हणजे कॉनच्या तलावाचं.

ब हा कठीण प्रश्न होता. रविवारी जेवण झाल्यावर मी जाळीच्या लांब दांड्याला लॉरेनचा सूप वाढायचा डाव सुतळीनं बांधला, बादली पालथी घालून तिच्यावर चढलो आणि दांडा कुंपणावरून पलीकडे सोडला. डाव पाण्यात बुडाला, भरला, अलगद वर येऊ लागला. इतक्यात पलीकडून आवाज आला.

“काय मास्तर, मासे लागतात का?”

कॉन लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. पहिल्यापासून!

“पान पडलं होतं तुझ्या पाण्यात. म्हटलं काढावं.”

“डावानं?”

“जाळी फाटलीय.”

“आणि ते पान आता बाटलीत ओतताय?”

“ओलं आहे ना.”

कॉननं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, “मास्तर, माझ्या पाण्यात काही घातलंत तर नाही ना?”

“मी? तुझ्या पाण्यात? काढलंय उलट!”

“तेच म्हणतोय. काढतो तो घालतोही.”

संध्याकाळपर्यंत तो खुर्ची सरकवत सरकवत कुंपणाला चिकटून बसला. मी खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवली. तो माझ्यावर ठेवत होता. मध्ये लॉरेन दोघांना चहा देऊन गेली. “काय रे, कोणी हललं का?” असं विचारून!

सोमवारी सकाळी दुकानात माझ्यामागे पाच-सहा जणांची रांग होती. साक्षीदार हवेच होते! मी चारही बाटल्या गल्ल्यावर मांडल्या. ट्रुडीनं ड बाटली उजेडात धरली.

“सर, ह्यात केस आहे.”

“असेल.”

“पांढरा आहे.” तिची नजर माझ्या डोक्यावर गेली. “तब्येत बरी आहे ना?”

“तू तपास गं!”

यंत्र चार वेळा गुरगुरलं. चार चिठ्ठ्या बाहेर आल्या. मी त्या शेजारीशेजारी लावल्या आणि माझा ऊर भरून आला. चारही ठिकाणी क्षार जास्त! चारही ठिकाणी तेच तीन डबे! मी रांगेकडे वळलो.

“सभ्य गृहस्थहो! ही क बाटली माझ्या नळाचं पाणी आहे. ह्या यंत्राच्या मते त्याला शेवाळाचं औषध हवंय! आणि ही ड बाटली आमच्या मांजराची आहे. मांजरालाही शेवाळ!”

गल्ल्यामागे ट्रुडीनं हात वर केला होता. अगदी शाळेतल्यासारखा, कोपर सरळ.

“सर...”

“थांब, ट्रुडी. माझं पूर्ण होऊ दे.”

“पण सर, ते पाणी...”

“हात खाली! मोठी माणसं बोलतायत!”

तिनं हात खाली घेतला. चाळिशीची बाई, स्वतःचं दुकान, पण घेतला बिचारीनं! मी चिठ्ठ्या हवेत फडकवून बाहेर पडलो. विजयी माणूस जसा चालतो तसा चालत, आणि त्यामुळे गाडी दोनदा शोधावी लागली.

आता माझं म्हणणं काय होतं? यंत्र खोटं आहे. रांगेनं काय ऐकलं? नळाच्या पाण्यात शेवाळ सापडलं!

साडेअकरापर्यंत ते शेवाळ विषारी झालं. बारा वाजता त्यानं एक मांजर मारलं. आमचं मांजर तेव्हा माझ्या मांडीवर घोरत होतं. दोनपर्यंत बाजारातलं बाटलीबंद पाणी संपलं. चार वाजता लॉरेन घरी आली. तिच्या केसांकडे बघून मी उठूनच उभा राहिलो.

“हे काय झालं?”

“केस कापायला गेले होते,” ती एकेक शब्द तोडत म्हणाली. “सलूनवालीनं माझं डोकं सोडा वॉटरनं धुतलं! साधं पाणी वापरायला घाबरते ती. म्हणाली, पॅस्को सरांनी स्वतः तपासून आणलंय, आणि सर कधी चुकत नाहीत.”

“हे मात्र खरं बोलली.”

“नेव्हिल!!”

फोन वाजला. पाणी खात्यातल्या एक बाई होत्या. आवाज इतका मवाळ की मी शर्टाची वरची गुंडी लावली.

“पॅस्कोसाहेब, नळाच्या पाण्यात शेवाळ असल्याचं आपण जाहीर केलंत का?”

“मी फक्त चिठ्ठी वाचून दाखवली.”

“कसली चिठ्ठी?”

“तलावाच्या दुकानातली.”

“म्हणजे नळाचं पाणी आपण तलावाच्या दुकानात तपासलंत?”

“आणि मांजराचंही,” मी म्हणालो. कधीकधी खरं बोलल्यानं काहीच सुधारत नाही.

फोन ठेवतो तोवर दारात कॉन. हाताची घडी, छाती पुढे.

“मास्तर, आता सरळ बोला. काल तुम्ही माझ्या पाण्यात लांब काठी घातलीत. आज गावाचं पाणी बिघडलं. काठीला काय होतं?”

“डाव!”

“डावात काय होतं?”

“तुझंच पाणी! आणि तू मला काय विचारतोस? तू लॉरेनला टोमॅटोची रोपं का कबूल केलीस ते आधी सांग! माझा तलाव बुजवायचाय तुला!”

“मी तिला झुकिनीपण कबूल केलीय! शेजारी आहे मी! रोपं दिली तर कट, लिंबं दिली तर काय, खून?”

आम्ही दोघं नाकाला नाक लावून उभे असताना कॉनच्या मागून एक हात वर आला. सरळ कोपराचा.

“सर, आता बोलू?”

ट्रुडी होती. दुकान बंद करून आली होती. चारही चिठ्ठ्यांच्या प्रती तिच्या हातात होत्या.

“बोल,” लॉरेन म्हणाली. “सर काही म्हणाले तरी बोल.”

ट्रुडीनं घसा साफ केला. “सर, आपलं गावाचं निळं तळं.”

“त्याचं काय?”

“तुम्ही दरवर्षी तिसरीला तळ्यावर न्यायचात. जोड्या लावून, काठाकाठानं. आणि कठड्यापाशी थांबवून सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घ्यायचात. चहाचं पाणी कुठलं? ह्या तळ्याचं! आंघोळीचं? ह्या तळ्याचं! शेजारच्याच्या तलावातलं? ह्याच तळ्याचं!”

शेवटचं उत्तर मीही तिच्याबरोबर पुटपुटलो होतो.

“गावात एकच पाणी आहे, सर. चुनखडीच्या दगडातून झिरपून तळ्यात येतं, म्हणून क्षार सगळीकडे तेवढेच. तुमच्या तलावात, कॉनच्या, नळात, वाटीत. आपल्या किटल्यांना पांढरा थर धरतो, तो त्याचाच. चारही बाटल्यांत एकच पाणी होतं. उत्तरं वेगळी कशी येतील?”

“आणि शेवाळाचं औषध?” मी शेवटचा किल्ला लढवला. “नळाच्या पाण्याला?”

“यंत्राला काय माहीत नळाचं आहे ते? हिवाळ्यात प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी क्लोरीन आणि ते, दोन्ही छापलेलीच असतात. तुम्ही नाही का सगळ्यांच्या प्रगतिपुस्तकावर ‘अक्षर सुधारावे’ लिहायचात, तसं.”

मग कॉन हळूच म्हणाला, “म्हणजे मी गेली वीस वर्षं ह्यांच्या मांजराच्या वाटीत डुंबतोय.”

लॉरेन हसता हसता सोफ्यावर बसली आणि उशीत तोंड खुपसून हसत राहिली. मी बसलो नाही. मला कोणी बस म्हणालंच नाही.

अडतीस वर्षं! एक हजाराच्या वर मुलांना तो धडा मी पाठ करून घेतला होता. एक हजार मुलांच्या लक्षात होता. फक्त शिक्षकाच्या डोक्यातून गेला!

मी ट्रुडीची माफी मागितली. ती म्हणाली, “असू दे, सर. पण औषधं आठवड्याच्या आत घाला. उशीर केलात तर सप्टेंबरात काय निघेल ते तुम्हाला माहीतच आहे.”

मला माहीत होतं. टोमॅटो.

मंगळवारी सकाळी आधी सुपरमार्केटच्या दारावरच्या फळ्यावर मी स्वतःच्या हातानं सूचना लावली: ‘नळाचे पाणी उत्तम आहे. चूक माझी होती. नेव्हिल पॅस्को.’ शेजारच्या दुकानातून पाव घेऊन परत येईपर्यंत तिच्याखाली कुणीतरी लाल शाईत लिहून ठेवलं होतं: ‘दहापैकी तीन. पुन्हा प्रयत्न करा.’ अक्षर माझ्याच एखाद्या विद्यार्थ्याचं असणार. वळण चांगलं होतं.

तिथून ट्रुडीकडे गेलो, मान खाली घालून तीन डबे घेतले आणि घरी येऊन तिन्ही औषधं तलावात घातली. शेवाळाचा डबा अगदी तळापर्यंत उपडा केला. पंप चालू केला. मनात म्हटलं, नेव्हिल, आता कोणावर संशय घ्यायचा नाही.

बुधवारी सकाळी पडदा सारला आणि वाटलं, बर्फ पडला!

तलाव दिसतच नव्हता. त्याच्या जागी पांढराशुभ्र डोंगर उभा होता. पंप फुर्रफुर्र करत होता आणि दर फुर्रला डोंगर वीतभर वाढत होता. फेसाची एक सोंड कुंपणावरून कॉनकडे निघाली होती, दुसरीनं लॉरेनचे गुलाब गिळले होते. मांजर ढिगावर पंजा ठेवून बघत होतं आणि पंजा आत गेला की उडी मारून मागे सरत होतं.

मी चपला न घालता बाहेर धावलो. “कोणी केलं हे? कोणीतरी साबण ओतलाय! कॉऽऽन!”

कुंपणापलीकडे फेसात एक टक्कल उगवलं. “ओरडू नका, मास्तर. साबण नाही. औषध घातलं फक्त.”

“कुठलं औषध?”

“शेवाळाचं. काल तुम्ही बाजारात होतात तेव्हा. कुंपणावरून. तिथेच राहिलेला तुमचाच डाव वापरला.”

“पण का?”

“का म्हणजे? तुम्ही रागाच्या भरात घालणार नाही, अशी खात्री होती मला. तुमचा हौद बुजला, तर जानेवारीत ती अकरा पोरं कोणाकडे येतील? शेजारी तलाव कोणाचा आहे? मला तर नीट पोहताही येत नाही, मी कठडा धरून चालतो!”

“पण मी घातलं होतं!”

“मग हे दोघांचं झालं,” कॉन म्हणाला आणि फेसाकडे बघून डोकं खाजवलं. “दोन डब्यांत एवढा फेस येतो?”

“तीन,” मागून आवाज आला.

लॉरेन स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी होती. हातात रिकामा डबा. मी उभ्या गावावर संशय घेतला होता, यंत्रावर, ट्रुडीवर, कॉनवर. घरच्याच माणसावर घ्यायचा राहिला होता!

“तू? अगं, तुला तर टोमॅटो हवे होते!”

“टोमॅटो बाजारात मिळतात,” ती म्हणाली. “मला तू एकदा तरी हे काम नीट करायला हवा होतास. म्हणून धाक घातला. मग वाटलं, हा काही करायचा नाही, म्हणून सोमवारीच गुपचूप घालून टाकलं.” तिनं डबा पायरीवर ठेवला. “जानेवारीत सकाळी ते पोर ओरडतं ना, ‘सर, सोडा मला’, तेव्हा मी ह्या खिडकीत चहा घेत असते. माती टाकली असती तर काय ऐकलं असतं? टोमॅटो?”

डोळ्यांत फेस गेला होता. फेसच होता तो.

“पण तुझी अट...” मी म्हणालो.

लॉरेननं तो पांढरा डोंगर वरपासून खालपर्यंत नीट बघितला. “मी हिरवा म्हणाले होते. हा पांढरा आहे.”

ट्रुडीला फोन केला. ती तिकडे इतकी हसली की दुकानातलं गिऱ्हाईक ‘काय झालं?’ विचारताना मला ऐकू आलं. मग म्हणाली, पंप बंद करा, काही घालू नका, काही काढू नका. आठवड्याभरात बसेल. मग एक बाटली पाणी आणा, बघून सांगते, मगच ताडपत्री ओढा.

आठवड्यानं फेस बसला. कोपरापर्यंत हात लॉरेननं बुडवला. बाटली कॉननं धरली. मग दोघं कॉनच्या ट्रकमध्ये बसून दुकानात गेले. मी यायला निघालो, तर लॉरेननं काच अर्धी खाली केली आणि म्हणाली, “तू घरी थांब. मांजराकडे लक्ष दे.” ताडपत्रीही त्या दोघांनीच ओढली. मला एक दोरी धरायला दिली होती. ती कशालाच बांधलेली नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ताडपत्री काढली. मी डोळे मिटून उभा होतो. राहवेना, म्हणून एक डोळा उघडला. पाणी इतकं स्वच्छ, की तळाशी पडलेला लॉरेनचा हरवलेला चमचा वाचता आला. त्याच्यावर कारखान्याचं नाव होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तळ दिसला!

जानेवारीत अकरा पोरं आली. त्यातली अकरावी पोर तर पाचव्याच दिवशी तरंगली. त्यांच्या आया काठावर बसून पाण्याकडे बघतात आणि लॉरेनला विचारतात, “किती सुंदर ठेवलंय हो! हिवाळ्यात असं काय करता तुम्ही?”

मी पाण्यात उभा असतो, एक पोर तळहातावर घेऊन. ऐकू येत नाही असं दाखवतो. लॉरेन चहाचा घोट घेते आणि म्हणते, “विशेष काही नाही. फक्त नेव्हिलला हात लावू दिला नाही!”